‘निवेदन’मधील परदेश

परदेशातील फजितीचे प्रसंग मराठी प्रवासवर्णनांत हमखास येतात. चुकलेली गाडी, हरवलेले सामान, न कळलेली भाषा यांवर घटकाभर हसून वाचक पान उलटतो. धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदन’ (१९२४) या आत्मचरित्रातील अडचणींवरून मात्र आम्हांस इतक्या सहज पुढे जाता येत नाही.

गोव्यातील साखवाळचे कोसंबी बौद्ध धर्माच्या जिज्ञासेने १८९९ साली घराबाहेर पडले आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीपास पोहोचले. तेथे पालीचे अध्ययन झाले, पण अन्न मानवले नाही. या हालांचे ते भांडवल करीत नाहीत आणि त्यांवर विनोदही करीत नाहीत. पुढे १९१० मध्ये ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी ते हार्वर्डला गेले. श्रेयाच्या प्रश्नावरून प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाले व १९१२ मध्ये ते परतले. ती आवृत्ती निघाली १९५० साली, कोसंबींच्या निधनानंतर ३ वर्षांनी!

स्थळवर्णनाची हौस या पुस्तकात भागत नाही आणि शैलीही काहीशी रुक्ष आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि प्रवाशाने काय पाहिले यापेक्षा त्याने कशासाठी सोसले, हे येथे कळते. आज आपल्या घरोघरची मुले परदेशी आहेत. तेथील सोयींची वर्णने आपल्यापर्यंत पोहोचतात. गैरसोयींतून त्यांनी काय मिळविले, हे विचारावयास ‘निवेदन’ आपणांस शिकविते.