शिक्षणसेवक आणि टीचर रेसिडेन्सी : तुलनेआधी थोडं थांबा

मागच्या महिन्यात मानवतच्या एका मित्राने पीएच.डी.चा आराखडा वाचायला दिला. विषय होता, अमेरिकेतील सवेतन टीचर रेसिडेन्सी आणि महाराष्ट्रातील शिक्षणसेवक योजना यांचा तुलनात्मक अभ्यास. विषय वजनदार वाटतो आणि आरआरसीत पासही होईल. पण या तुलनेत एक मोठी गडबड आहे, आणि ती आपल्यापैकी बरेच जण करतात. म्हणून आज त्यावरच लिहितो.

आराखड्यातला युक्तिवाद साधा होता. तिकडे नवख्या शिक्षकाला वर्षभर मानधन देऊन शाळेत शिकवतात, इकडे तीन वर्षं मानधनावर ठेवतात. तिकडचे शिक्षक जास्त टिकतात, मग आपल्याकडेही शिक्षणसेवक पद्धतीचा फायदा होतो का ते तपासू.

आता दोन्ही गोष्टी नीट पाहू. बोस्टनमध्ये 2003 साली सुरू झालेल्या रेसिडेन्सीत उमेदवार वर्षभर एका अनुभवी शिक्षकाच्या वर्गात असतो. आठवड्यातले चार दिवस शाळेत आणि सोबत पदव्युत्तर अभ्यासक्रम. वर्ग अनुभवी शिक्षकाचा असतो. उमेदवार आधी बघतो, मग थोडं शिकवतो, चुकतो, आणि संध्याकाळी त्या चुकीवर बोलणं होतं. त्यासाठी त्याला मानधन मिळतं.

शिक्षणसेवक योजना आपल्याकडे 2000 साली आली. इथे डी.एड. किंवा बी.एड. झालेल्या पात्र उमेदवाराची नेमणूक होते आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण वर्ग त्याच्या हातात येतो. तीन वर्षं मानधन, नंतर नियमित वेतनश्रेणी. प्राथमिकचं मानधन बरीच वर्षं 6,000 रुपये होतं. जानेवारी 2023 पासून ते 16,000 झालं, माध्यमिकचं 18,000 आणि कनिष्ठ महाविद्यालयाचं 20,000. काम पूर्ण शिक्षकाचं, पैसे अर्धवट, आणि शेजारी बसून शिकवणारं कोणी नाही. आपल्याकडे रेसिडेन्सीच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे बी.एड.ची इंटर्नशिप. एनसीटीईच्या 2014 च्या नियमांनुसार ती 20 आठवड्यांची असते, पण तिला मानधन नाही.

म्हणजे तिकडे पैसे शिकण्यासाठी मिळतात. आपल्याकडे शिकताना काही मिळत नाही आणि शिकवताना कमी मिळतं. मानधन हा शब्द सारखा असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात बसल्या. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर चलाची कार्यात्मक व्याख्या झालेलीच नाही. नेट-सेटसाठी ही व्याख्या आपण पाठ करतो, आराखड्यात मात्र विसरतो.

दुसरी अडचण पुराव्याची. जॉन पापे, मार्टिन वेस्ट, जॉन फुलर्टन आणि थॉमस केन यांचा बोस्टनवरचा 2012 चा अभ्यास सगळे उद्धृत करतात. त्यातला आकडा आकर्षक आहे : पाच वर्षांनी रेसिडेन्सीतले सुमारे 75 टक्के शिक्षक जिल्ह्यात टिकले, इतर नवखे 51 टक्के. मित्राने इथवर वाचून टिपण काढलं होतं. पुढे वाचलं तर दिसतं की सुरुवातीच्या काळात हे शिक्षक भाषेत इतर नवख्यांइतकेच आणि गणितात त्यांच्यापेक्षा कमी प्रभावी होते. त्यांची सुधारणा मात्र वेगाने झाली, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी गणितात ते जुन्या शिक्षकांच्याही पुढे गेले. शिवाय उमेदवारांनी तीन वर्षं त्याच जिल्ह्यात शिकवण्याची बांधिलकी घेतलेली असते. मग टिकण्याचं श्रेय प्रशिक्षणाला किती आणि बांधिलकीला किती? आणि जो माणूस मुळातच अशा कार्यक्रमाला अर्ज करतो तो वेगळा असेल, त्याचं काय? लेखक स्वतःच जपून बोलतात. दीर्घकाळात जिल्ह्याच्या निकालावर होणारा परिणाम माफक असेल, असा त्यांचा अंदाज आहे. आपण सारांशातला सोयीचा आकडा उचलतो, हा आपला दोष.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'टिकणं' म्हणजे काय? अमेरिकेत नवखा शिक्षक नोकरी सोडतो. आपल्याकडे जि.प.ची कायम नोकरी कोण सोडतो? आपला शिक्षक आंतरजिल्हा बदली मागतो. परभणीच्या दृष्टीने शिक्षक गेला, राज्याच्या नोंदीत मात्र तो सेवेतच आहे. बोस्टनची प्रश्नावली भाषांतर करून मानवत तालुक्यात वाटली, तर नोकरी सोडण्याचा विचार आहे का या प्रश्नाला सगळे 'नाही' म्हणतील. शिक्षक टिकतात असा निष्कर्ष निघेल, आणि तिकडे शाळेत जागा रिकामीच असेल.

कोणी म्हणेल, कमी पगाराचे शिक्षकही चांगलं शिकवतात असं संशोधन आहेच की. आहे. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशात सोडत पद्धतीने निवडलेल्या 100 सरकारी शाळांना एकेक कंत्राटी शिक्षक दिला. दोन वर्षांनी मुलांचे गुण गणितात 0.16 आणि भाषेत 0.15 मानक विचलनाने वाढलेले दिसले. त्या शिक्षकांचा पगार नियमित शिक्षकाच्या साधारण पाचवा भाग होता. अभ्यास उत्तम आहे. पण तिथला शिक्षक जादाचा होता, आहे त्या शिक्षकांमध्ये भर घातलेला. रिकाम्या नियमित जागेवर कमी पैशात माणूस बसवण्यासाठी हाच अभ्यास पुढे केला, तर ते संशोधनाचं चुकीचं वाचन होईल. आपल्या प्रबंधातली एक सैल ओळ उद्या कोणाच्या तरी फाइलमध्ये आधार म्हणून लागू शकते. म्हणून हे फक्त मार्कांपुरतं नाही.

मग विषय सोडून द्यायचा का? मुळीच नाही. मी मित्राला एवढंच म्हटलं की प्रश्न मानवतमधून सुरू कर. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या 60 पटापर्यंत दोन शिक्षक मंजूर असतात. दोघांत पाच वर्ग. अशा शाळेत नवख्याच्या शेजारी बसायला अनुभवी शिक्षक आणायचा कुठून? रेसिडेन्सीचा सगळा डोलारा ज्या माणसावर उभा आहे, तोच इथे मोकळा नाही. मग केंद्रशाळेत काही महिने ठेवून मग वाडीवरच्या शाळेत पाठवता येईल का? केंद्रप्रमुख आणि डाएट यांच्याकडे त्यासाठी वेळ आहे का? पहिल्या वर्षी शिक्षणसेवक अडला की नेमकं कोणाला विचारतो?

या शेवटच्या प्रश्नावर वर्ग निरीक्षण आणि मुलाखती घेऊन चांगला प्रबंध होऊ शकतो. नमुना लहान राहील, निष्कर्ष तालुक्यापुरता राहील, आणि ते आराखड्यात स्पष्ट लिहायला लाजू नका.

मित्राने शीर्षकातून अमेरिका काढली आहे. गाइडना अजून पटलेलं नाही. बघू, पुढच्या सोमवारी भेट आहे.