‘उघडूं नये’ : एका यंत्रपुस्तिकेचें परीक्षण

काव्य, नाटक आणि कादंबरी ह्यांचीं परीक्षणें वाचकांनीं आजवर पुष्कळ वाचलीं असतील. आज आम्ही ज्या पुस्तकाचें परीक्षण करणार आहों, त्यावर कर्त्याचें नांव नाहीं, त्याला निराळी किंमत नाहीं, आणि बहुधा वाचकही नाहीं. व्हिडिओ गेमच्या यंत्राबरोबर खोक्यांत येणारी सूचनांची लहानशी पुस्तिका, तेंच हें पुस्तक. असल्या चोपडीला वाङ्मय म्हणावें काय, असा आक्षेप कोणी घेईल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जें गद्य वाचून माणसाचा हात पुढें होतो किंवा मागें सरतो, त्याची परीक्षा झालीच पाहिजे.

ही पुस्तिका वाचण्याचा प्रसंग आमच्यावर गेल्या वैशाखांत आला. लोह्यास आमच्या घरीं असें एक यंत्र आहे. थोरल्या चिरंजीवांनीं आपल्या पहिल्या पगारांतून तें धाकट्यास घेऊन दिलें. थोरले नोकरीनिमित्त पुण्यास असतात. रात्रीं जेवणें झाल्यावर दोघे भाऊ त्या यंत्रावरच एकमेकांस भेटतात, आणि खेळतां खेळतां घरच्या चार गोष्टी बोलतात. तें यंत्र एकाएकीं पिठाच्या गिरणीसारखें घोंघावूं लागलें, आणि पंधरा-वीस मिनिटांत ‘फार तापलें आहे’ असें पडद्यावर दाखवून बंद पडूं लागलें. दोघां भावांचें बोलणेंही त्याबरोबर खुंटलें.

पुस्तिका काढली. पहिली सूचना अशी कीं, यंत्र ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानांत वापरावें. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर चढतो, हें येथें कोणास सांगावयास नको. म्हणजे ऐन उन्हाळ्यापासून मृग लागेपर्यंत लोहा हें गांव ह्या पुस्तिकेच्या भूगोलांतच नाहीं! दुसरी सूचना अशी कीं, यंत्र धुळीच्या जागीं ठेवूं नये. नांदेड-लातूर रस्त्याची रहदारी आणि भोंवतालची काळी माती ह्यांच्या मध्यें राहणाऱ्या माणसास बिनधुळीची जागा कोणती, हें लेखकानें सांगितलें असतें तर आम्हीं तेथेंच बिऱ्हाड केलें असतें. तिसरी सूचना अशी कीं, यंत्र उघडूं नये. यंत्राच्या पाठीवरील एका पेचावर चिकटविलेली कागदाची चकतीही तेंच बजावीत होती.

यंत्र तापतें कां, ह्याविषयीं मात्र पुस्तिकेंत अवाक्षर नाहीं. मुख्य चिपची उष्णता तिच्यावर बसविलेल्या धातूच्या पात्यांत शिरते व पंखा ती बाहेर फेंकतो. चिप आणि धातु ह्यांच्या मध्यें थर्मल पेस्ट नांवाचा लेप असतो. दोन पृष्ठें कितीही गुळगुळीत असलीं तरी त्यांमधील बारीक फटींत हवा राहते, आणि हवा उष्णता नीट वाहून नेत नाहीं, म्हणून हा लेप. कांहीं वर्षांनीं तो सुकतो, पात्यांत धुळीचा थर बसतो, आणि पंखा जीव तोडून फिरला तरी उष्णता आंतच कोंडते. धूळ काढावी व लेप बदलावा, हा त्यावरील उपाय. एवढा मजकूर दहा ओळींत मावतो.

जेथें पुस्तक मौन धरतें, तेथें तोडगे जन्मास येतात. २००५ सालीं निघालेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० ह्या यंत्राचें उदाहरण प्रसिद्ध आहे. तापण्या-निवण्यानें त्याच्या आंतील सूक्ष्म जोड तडकत, आणि तांबडे दिवे लागून यंत्र बंद पडे. २००७ च्या जुलैमध्यें कंपनीनें ह्या दोषापुरती हमी तीन वर्षांपर्यंत वाढविली, व त्यासाठीं एक अब्ज डॉलरांहून अधिक रकमेची तरतूद केली. पण त्या काळांत कित्येकांनीं यंत्र टॉवेलांत गुंडाळून मुद्दाम आणखी तापविण्याचा उपाय चालविला होता! त्यानें एखादें यंत्र घटकाभर चालेही. मूळ दोष मात्र तसाच राही.

आमच्या यंत्राची हमी केव्हांच सरली होती. आम्हीं चकती फोडली, आणि धाकट्याच्या मदतीनें झांकण काढलें. आंत एक काळा डबा दिसला. धूळ त्यांतच सांठली असावी, असा तर्क करून आम्हीं त्याच्या पेचाला पेचकस लावला. एक मनाई मोडून कांहीं बिघडलें नव्हतें, तेव्हां दुसरी मोडतांना हात कचरला नाहीं. इतक्यांत, ज्याला निरोप धाडला होता तो आमचा जुना विद्यार्थी दारांत आला. बसस्थानकाजवळ त्याचें मोबाइल दुरुस्तीचें दुकान आहे. तो तेथूनच ओरडला, “सर, तो डबा खोलूं नका! वायर काढली तरी त्यांत करंट राहतो.”

तो डबा घरच्या विजेचा पुरवठा घेणारा भाग होता. तेथें हात घातला असता तर जबर धक्का बसला असता. पुस्तिकेवरील आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. जीव जाईल तेथें आणि नुसती धूळ उडेल तेथें तिनें एकच शब्द वापरला, ‘नये’. सगळ्याच गोष्टींना मनाई केली म्हणजे खऱ्या धोक्याची मनाई त्या गर्दींत हरवते.

आमच्या विद्यार्थ्याचें गद्य पाहा. “पंख्याला बोट लावून धरा, मग हवा मारा, नाहीं तर तो गरगर फिरून खराब होतो.” “जुना लेप अल्कोहोलनें पुसा, खरवडूं नका, चिपला चरा पडेल.” “नवा लेप तुरीच्या दाण्याएवढाच. जास्त झाला तर बाहेर येतो.” प्रत्येक मनाईच्या पाठीशीं कारण आहे, आणि प्रत्येक मापाला ऐकणाऱ्याच्या घरांतला दाणा आहे. तीस वर्षें आम्ही वर्गांत प्रसादगुणाचें लक्षण सांगत आलों. त्याचें इतकें चांगलें उदाहरण आम्हांस क्वचितच मिळालें.

मराठींत असलें गद्य लिहितां येणार नाहीं, कारण शब्द नाहींत, अशी सबब ऐकूं येते. पेचकस, पुर्जा आणि खुद्द ‘दुरुस्ती’ हे फारसी-उर्दूंतून आलेले शब्द आमच्याकडे शेतमजुराच्याही तोंडीं आहेत. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता, तेव्हां ते येथें चांगलेच मुरले. नागपूरच्या ‘उद्यम’ मासिकानें घरगुती धंद्यांची माहिती मराठींत देऊन दाखविली आहे. उणीव आहे ती वाचकावरील विश्वासाची. २०२२ च्या जुलैमध्यें केंद्र सरकारनें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिति नेमली, व त्याच वर्षीं २४ डिसेंबरला त्यासाठीं संकेतस्थळही उघडलें. ही गोष्ट स्तुत्य आहे. पण हक्क कायद्यानें मिळाला तरी हाताला अक्कल चांगल्या गद्यानेंच येते.

त्या रात्रीं यंत्राचा आवाज घरांतील पंख्याच्या आवाजाखालीं बुडाला, आणि दोघां भावांचें बोलणें पुन्हा माजघरांत ऐकूं येऊं लागलें. पारा मात्र आमच्या हातीं नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत दिवसा यंत्र लावावयाचें नाहीं, असा नियम घरांत झाला आहे. कारण सांगितल्यामुळें धाकटे तो पाळतात.

पुस्तिकेचा कागद उत्तम असून छपाई सुबक आहे. पुढील आवृत्तींत ‘नये’ हा शब्द जेथें खरोखर जिवास धोका आहे तेथेंच योजावा, इतरत्र ‘कसें’ व ‘कां’ हे दोन शब्द घालावे, आणि ३५ अंशांच्या पुढेंही माणसें राहतात ह्याची नोंद घ्यावी, अशी आमची अज्ञात ग्रंथकर्त्यास सूचना आहे.