'बंड', 'उठाव' आणि 'दंगल' : फेब्रुवारी १९४६ ची मराठी परिभाषा

कुलाब्याच्या 'तलवार' या नाविक संदेशशाळेतील सुमारे अकराशे नाविकांनी १८ फेब्रुवारी १९४६ रोजी अन्न नाकारले आणि काम थांबविले. तेथून सुरू झालेल्या घटनामालिकेला मराठीत तीन नावे मिळाली आहेत : बंड, संप आणि उठाव. या तिन्ही नावांचा वाद नाविकांपुरता आहे, आणि त्याच आठवड्यात मुंबईच्या रस्त्यांवर जे नागरिक मारले गेले त्यांना मात्र त्या वादाचा काहीच लाभ झालेला नाही. परिभाषेच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे अशी खरी जागा ही आहे.

प्रथम 'बंड'. तोतयाचे बंड, उमाजी नाईकाचे बंड या जुन्या प्रयोगांत, ज्याच्याविरुद्ध बंड झाले त्याची सत्ता न्याय्य असल्याचे गृहीत धरलेले असते. बंड 'मोडले' जाते, आणि या क्रियापदाचा कर्ता नेहमी धनी असतो. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला तो सत्तावनच्या 'बंडाची' हकीकत म्हणून. त्याच सुमारास लंडनमध्ये सावरकर त्याच घटनांवर मराठीत ग्रंथ लिहीत होते आणि त्यांनी 'स्वातंत्र्यसमर' हा शब्द योजला. गोडसे भटजींच्या हकिकतीत तिरस्कार नाही. शब्द मात्र कंपनीच्या बाजूचा आहे. (आजच्या निवडणुकांत 'बंडखोर उमेदवार' हे जवळजवळ सन्मानाचे बिरुद झाले आहे, हा या शब्दाचा अलीकडचा विनोद.)

'संप' हे नाविकांनी स्वतः स्वीकारलेल्या संज्ञेला जवळचे आहे. त्यांनी निवडलेली समिती ही 'मध्यवर्ती नौदल संप समिती' होती. एम. एस. खान तिचे अध्यक्ष, मदनसिंग उपाध्यक्ष. शेजारच्या गुजरातीत 'संप' म्हणजे एकोपा; मराठीत, विशेषतः गिरणगावाच्या मराठीत, या शब्दाला एकजुटीने काम थांबविण्याचा अर्थ आला. नाविकांचे पहिले गाऱ्हाणे निकस अन्नाचे आणि अधिकाऱ्यांच्या वर्णद्वेषी वागणुकीचे होते, हे लक्षात घेता हा शब्द चुकीचा नाही. परंतु तोफा रोखल्या गेल्यावर तो अपुरा पडतो. 'उठाव' स्वातंत्र्योत्तर काळात रूढ झाला आणि आज तोच शिष्टसंमत आहे. नामांतराचे श्रेय सहभागी लोकांना देण्याचा मोह होतो; पण 'तलवार'वरील बी. सी. दत्त यांनी १९७१ मध्ये आपल्या इंग्रजी आठवणींच्या शीर्षकात 'म्युटिनी' हाच शब्द ठेवला.

आता रस्त्याकडे वळावे. कम्युनिस्ट पक्षाने हाक दिल्यावर २२ फेब्रुवारीला मुंबई बंद पडली. परळ, लालबाग, डिलाइल रोड या भागांत लष्कर उतरले. सरकारी आकड्यांनुसार त्या दिवसांत २२८ नागरिक मरण पावले आणि हजाराहून अधिक जखमी झाले. मराठी वर्णनांत या भागाचे नाव बहुधा 'दंगल' असते आणि वाक्य ठराविक असते : गोळीबार झाला, इतकी माणसे मृत्युमुखी पडली. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळी वापरले की कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लावून पुढे यावे लागते : सैनिकांनी गोळ्या झाडल्या. 'गोळीबार झाला' म्हटले की तो प्रत्यय टळतो आणि त्याबरोबर सैनिकही टळतात. 'मृत्युमुखी पडणे' पुरालाही चालते, पटकीलाही. परळला गोळी लागून मरण पावलेल्या कमल दोंदे यांचे नाव तरी स्मरणात आहे; उरलेले बहुतेक आकड्यात राहिले.

हा केवळ लेखकांचा आळस नव्हे. त्या वेळी प्रांतात निवडून आलेले मंत्रिमंडळ नव्हते. १९३९ पासून राज्यपालांची राजवट चालू होती आणि खेर मंत्रिमंडळ यायला अजून अनेक आठवडे होते. त्रिमंत्री मंडळाची घोषणा नाविकांच्या संपाच्या दुसऱ्याच दिवशी, १९ फेब्रुवारीला, लंडनमध्ये झाली. जाणाऱ्या राज्यकर्त्यांना शिस्त हवी होती आणि येणाऱ्यांनाही. सरदार पटेलांनी नाविकांना शरण जाण्याचा सल्ला दिला तो या विचाराने. मताधिकार मालमत्ता व शिक्षण यांनी मर्यादित असलेल्या त्या काळात ज्याच्या हाती मतपत्रिका नव्हती त्याचे रस्त्यावर येणे राजकारण म्हणून नोंदले जाण्याची सोय दोन्ही पक्षांच्या भाषेत नव्हती. 'दंगल' या शब्दाने ती उणीव झाकली. पुढे न्या. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली, ती नौदलातील घटनांची.

भूगोलाचेही असेच. अंधेरीच्या छावणीतील हवाई दलाच्या लोकांनी सहानुभूतीने काम थांबविले. मार्व्याचे 'हमला' आणि वेसाव्याचे 'मच्छलीमार' ही नाविक ठाणीही त्यात होती. 'मुंबईचा उठाव' या शब्दप्रयोगात ही नावे क्वचित येतात. एक कारण साधे आहे : अंधेरी मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली ती १९५० मध्ये, मालाड १९५७ मध्ये. पण हद्द बदलून सत्तर वर्षे झाली तरी वर्णने जुन्याच हद्दीत फिरतात, हे उपनगरांतील शिक्षकांनी तरी मनावर घ्यावयास हवे.

तुलनेला १९५५-५६ चे उदाहरण पुरेसे बोलके आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात त्याच शहरात, काही अंशी त्याच वस्त्यांत, गोळीबार झाला. या वेळी मराठीने 'हुतात्मा' हा शब्द दिला, १०५ हा आकडा घोषणेसारखा तोंडी बसला (पुढे तो १०६ झाला), चौकाला नाव मिळाले आणि गोळीबाराच्या वाक्यांत मोरारजी देसाई हा कर्ता अत्र्यांनी इतक्या वेळा आणून बसविला की तो पुन्हा पुसता आला नाही. मृतांच्या संख्येने पाहता १९४६ चा आठवडा दुपटीहून मोठा होता. परंतु त्याच्यामागे जिंकलेला पक्ष नव्हता.

यावर उपाय म्हणून त्या २२८ जणांना सरसकट 'हुतात्मा' म्हणावे, अशी सूचना कोणी केली तर ती स्वीकारता येणार नाही. त्या दिवसांत जाळपोळ झाली, धान्याची दुकाने लुटली गेली, आणि मरणाऱ्यांत केवळ खिडकीत किंवा वाटेवर असलेली माणसेही असणार. हुताला आहुती देण्याचा संकल्प लागतो. तो त्यांच्यावर मरणोत्तर लादणे हा 'दंगलखोर' म्हणण्याइतकाच आगाऊपणा आहे. निदान पाठ्यपुस्तकाच्या वाक्यात 'सैनिकांनी' आणि 'पोलिसांनी' हे दोन शब्द परत यावेत, एवढी मागणी मात्र व्याकरणाच्या कक्षेतली आहे.