‘श्वास’ आणि उपचारकालातील करुण

आजारपण हा मराठी कथात्म साहित्याला नवा विषय नव्हे. परंतु त्याचे चित्रण बहुधा दोन टोकांवर स्थिरावलेले दिसते. एक टोक निदानाचे, दुसरे मृत्यूचे. या दोहोंमधील जो दीर्घ काळ रुग्ण आणि त्याचे आप्त प्रत्यक्ष जगतात, तो उपचारकाल लेखकाच्या हातून सहसा निसटतो. नागपुरात ही उणीव विशेष जाणवावी. येथील प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला आणि २००५ पासून येथील विद्यापीठालाही ज्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे, त्यांचा अंत १९६८ साली कर्करोगानेच झाला. अशा रुग्णालयाच्या बाकावर खेड्यातून येऊन बसलेल्या माणसापुढे मरणाच्या प्रश्नाआधी दुसराच प्रश्न उभा असतो : उद्या या देहाचे काय करणार आहेत, आणि ते रुग्णाला सांगायचे कोणी?

हाच प्रश्न केंद्रस्थानी ठेवणारी कलाकृती म्हणून संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (२००४) या चित्रपटाचा विचार अगत्याचा ठरतो. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ‘श्यामची आई’नंतर हा मान मराठीला प्रथमच मिळाला. कथानक थोडके आहे. कोकणातील एक आजोबा आपल्या नातवाला, परशुरामाला, शहरातील रुग्णालयात आणतात. त्याच्या दृष्टिपटलाला कर्करोग झालेला आहे. शस्त्रक्रियेने प्राण वाचतील, पण दृष्टी कायमची जाईल. शस्त्रक्रियेपूर्वी हे सत्य मुलाला कळले पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह आहे.

या परिस्थितीतून उत्पन्न होणारा भाव रूढ अर्थाने करुण म्हणता येईल काय? भरताने करुण आणि विप्रलंभ यांत भेद केला, तो अपेक्षेच्या निकषावर. जेथे आशा संपूर्ण तुटते तेथे करुण. जेथे ती शिल्लक राहते तेथे विप्रलंभ. ‘श्वास’मधील शोक या विभागणीत नीट बसत नाही. डोळ्यांविषयी आशा उरलेली नाही. प्राणाविषयी मात्र ती पूर्ण आहे, आणि पहिल्या हानीच्या मोलानेच दुसरी आशा विकत घ्यावयाची आहे. निरपेक्ष आणि सापेक्ष असे दोन्ही भाव एकाच क्षणी, एकाच देहाविषयी जागे राहतात. कर्करोगाच्या उपचाराचे हेच खरे स्वरूप होय. आणि ते ओळखणे हे या चित्रपटाचे मोठे यश मानावे लागेल.

शस्त्रक्रियेआधी आजोबा मुलाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात, तो प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. नातवाने जग एकदा डोळे भरून पाहावे, एवढाच त्यांचा हेतू असतो. डॉक्टर संतापतात, आणि तो संताप निराधार नव्हे. हा रोग नेत्रनाडीवाटे मेंदूकडे पसरू शकतो, त्यामुळे विलंबात धोका असतो. उलटपक्षी, आजोबांच्या कृतीला केवळ भावविवशता म्हणून बाजूला सारता येत नाही. जे शब्दांनी सांगता आले नाही, ते त्यांनी सहवासाने सांगितले. मुलाची मनोभूमी तयार करणे हाही उपचाराचाच भाग आहे, हे डॉक्टरांचे तत्त्व त्यांनी आपल्या परीने, डॉक्टरांच्याच शिस्तीविरुद्ध, आचरणात आणले. दोन्ही पक्ष न्याय्य असताना उद्भवलेला हा संघर्ष चित्रपटाने कोणालाही खलनायक न करता पेलला आहे.

तथापि चित्रपटाची मर्यादाही येथेच सुरू होते. शस्त्रक्रियेनंतर कथा एकदम होडीवर येते. काळा चष्मा घातलेला परशुराम गावाकडे परततो आणि आवाजांच्या जगात रमतो. हा शेवट प्रसन्न आहे, परंतु त्याने बरेच काही गाळले आहे : जखमेची सूज, कृत्रिम डोळा बसवण्यापूर्वीचे आठवडे, चाचपडत टाकलेली पहिली पावले, पुनःपुन्हा कराव्या लागणाऱ्या तपासण्या. इतर कर्करुग्णांच्या वाट्याला येणारी मळमळ, केस गळणे, तोंड येणे, ही दुःखेही याच जातीची. त्यांना उत्कर्षबिंदू नसतो. ती रोजची आणि कंटाळवाणी असतात. नाट्याला एक निर्णायक दिवस हवा असतो, आणि सोसणे तर दिवसेंदिवस चाललेले असते. म्हणून कथानकप्रधान कलाकृती त्याला टाळते.

हा दोष एकट्या ‘श्वास’चा नव्हे, स्वीकारलेल्या रूपबंधाचा आहे. रोजनिशी, पत्रे, आत्मकथन यांसारखे सैल रूपबंध पुनरावृत्तीला सामावून घेऊ शकतात. उपचारकालाचे समग्र दर्शन तेथेच शोधावे लागेल. मात्र त्या शोधाचा आरंभ ‘श्वास’पासून करणे युक्त ठरेल, कारण उपचार सोसणाऱ्याला त्याच्या देहाविषयी आधी सांगितले पाहिजे, ही गोष्ट या चित्रपटाने कथेच्या ओघात येणारा तपशील न मानता कथेचा विषयच मानली.