रे. टिळकांचे भाकीत व दर्शन : प्रामाण्यविचार

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रातील दोन अलौकिक गोष्टी प्रमाण मानाव्या काय, असा प्रश्न नरडाण्यास एका जिज्ञासूने आम्हांस केला.

पहिली, १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने 'दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल' असे सांगितल्याची. १० फेब्रुवारी १८९५ चा बाप्तिस्मा निर्विवाद आहे. परंतु भाकितास आधार टिळकांच्याच नंतरच्या कथनाचा. बखरींतील दृष्टान्तांस आपण जी कसोटी लावितो, तीच येथे लाविली पाहिजे. बायबलातील अनुवाद ग्रंथ (अध्याय १८) ज्याची वाणी फळत नाही त्यास खोटा संदेष्टा ठरवितो. फळली म्हणून खरा, असे त्यावरून निघत नाही.

दुसरी, १९१७ च्या ख्रिस्तदर्शनाची. तीस अन्य साक्षी नाही, पण आचरणाचा पुरावा आहे : टिळकांनी मिशनची नोकरी सोडिली, साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला आणि ९ मे १९१९ रोजी देह ठेवीपर्यंत तोच मार्ग धरिला.

यावरून वक्त्याची निष्ठा सिद्ध होते, दर्शन नव्हे. नैयायिकांच्या मते आप्तास यथार्थ ज्ञान व ते सांगण्याची सदिच्छा, दोन्ही लागतात. टिळकांची सदिच्छा आम्ही निःशंक मानितो. ज्ञानाविषयीचा निर्णय इतिहासाच्या अधिकाराबाहेरचा आहे.