प्रश्न, पैसा आणि प्रेक्षक

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजुषांविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. जाणकार म्हणविणारे नाक मुरडतात आणि उरलेले सर्वजण रात्री नऊच्या ठोक्याला पडद्यासमोर बसतात. नाटकाचे परीक्षण होते, चित्रपटाचे होते, अगदी पाककृतींच्या पुस्तकांचेही होते. परंतु पाव शतक ज्या प्रकाराने घराघरांत ठाण मांडले आहे, त्याच्या गुणदोषांची चिकित्सा करावी असे मराठी समीक्षेला क्वचितच वाटले. लोकांना पैशाचा मोह असतो म्हणून ते असले कार्यक्रम पाहतात, एवढे म्हटले की आपले काम संपते. मला हे उत्तर पटत नाही.

या खेळाचे मूळ आपल्या वाचकांना जवळचे वाटावे असे आहे. भारतातील पहिली खुली प्रश्नमंजुषा १९६७ साली कोलकात्यात झाली आणि तीही क्राइस्ट द किंग चर्चच्या सभागृहात. ती घडवून आणणारे नील ओब्रायन हे अँग्लो-इंडियन समाजातील विद्वान गृहस्थ. इंग्लंडमधील वास्तव्यात त्यांना या खेळाची गोडी लागली व परतल्यावर त्यांनी तो येथे रुजविला. धर्मग्रामाचे सभागृह, मांडून ठेवलेल्या खुर्च्या, आपसांत कुजबुजून उत्तर ठरविणारे संघ आणि बक्षीस म्हणून फार तर एखादे पुस्तक, असा तो मामला. १९७२ मध्ये सुरू झालेली 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' पुढे सयानी बंधूंच्या आवाजात रेडिओवरून घरोघरी पोहोचली आणि १९९२ पासून झी वाहिनीवर तिचे संचालन नील ओब्रायन यांचे चिरंजीव डेरेक करू लागले. दरम्यान १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू यांनी दूरदर्शनवर 'क्विझ टाइम' आणले होते.

या साऱ्यांत एक उणीव होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही. तो इंग्रजी बोलणाऱ्यांचा खेळ होता. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेली आमची मुले तो पाहत, कौतुक करीत, पण उत्तर ठाऊक असूनही ओठांवर येत नसे, कारण प्रश्नच अर्धा निसटलेला असे. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले आणि ही भिंत पडली. मूळ कल्पना १९९८ च्या ब्रिटिश कार्यक्रमाची. ती येथे उभी करण्याचे काम पुन्हा सिद्धार्थ बसू यांच्याच संस्थेकडे आले. अमिताभ बच्चन यांच्या भारदस्त हिंदीचा वाटा मोठा आहेच. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही की, ज्ञान दाखविण्यासाठी इंग्रजीचा परवाना लागत नाही, हे लाखो प्रेक्षकांना पहिल्यांदा दिसले. २०१३ मध्ये सचिन खेडेकर यांनी 'कोण होईल मराठी करोडपती' सादर केले, तेव्हा तर प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत येऊन बसला.

आता पैशाच्या मोहाचा मुद्दा. पहिला करोडपती ठरला मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, ऑक्टोबर २००० मध्ये. शेवटचा प्रश्न राज्यघटनेवरचा होता: संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा घटनेने कोणाला दिली आहे? उत्तर होते, महान्यायवादी. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी झी वाहिनीने अनुपम खेर व मनीषा कोईराला यांना घेऊन 'सवाल दस करोड का' काढले. बक्षीस दहापट. केवळ लोभ हेच प्रेक्षकाचे कारण असते, तर त्याने एका रात्रीत वाहिनी बदलली असती. प्रत्यक्षात तो कार्यक्रम काही महिन्यांतच गुंडाळावा लागला. घरी बसलेल्या माणसाला त्यातला एक रुपयाही मिळणार नसतो, आणि हे त्याला पुरते ठाऊक असते.

मग तो पाहतो कशासाठी? आमच्या माहुलमध्ये या खेळाचा एक निस्सीम भक्त आहे. येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात उमेदीची वर्षे काढलेले हे कोळीवाड्यातील निवृत्त गृहस्थ. शिक्षण जुनी अकरावी. (माहुलमध्ये संध्याकाळी खिडक्या लावून बसण्याची सवय फार जुनी आहे, वास आत येऊ नये म्हणून. दूरचित्रवाणी त्यानंतर आली.) गेल्या वीसेक वर्षांतील त्यांच्या चौदा वह्या मी पाहिल्या आहेत. प्रत्येक पानावर तीन रकाने: पहिल्यात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर आणि तिसऱ्यात 'कसे कळले'. हा तिसरा रकाना वाचण्यासारखा आहे. 'पाचवी, भूगोलाच्या बाई.' 'बोटीवरचा मंगळुरी मित्र.' 'वाण्याच्या पुडीचा कागद.' 'बापाने सांगितले होते, तेव्हा खरे वाटले नाही.' उत्तर आले नाही, तर तो रकाना कोरा. त्यांच्या पत्नीने एकदा माझ्याकडे तक्रार केली, "फादर, ह्यांना सांगा, जेवण थंड होतं." त्यावर ते म्हणाले, "फादर, शाळेनंतर मला कोणी प्रश्नच विचारला नाही हो. सगळे कामंच सांगत आले."

या वाक्यापाशी मी बराच थांबलो आहे. काबाडकष्टात आयुष्य गेलेल्या माणसाजवळ किती ज्ञान साठलेले असते आणि ते कोणी कधीही मागत नाही! प्रश्नमंजुषा ते मागते. पडद्यावरील स्पर्धकाच्या आधी उत्तर उच्चारले, की तो माणूस क्षणभर आपल्याच नजरेत उंच होतो. या आनंदाला थिल्लर म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

परंतु हाच भक्त एका ठिकाणी दूरनियंत्रक उचलून आवाज बंद करतो, आणि तेथेच माझी तक्रार सुरू होते. स्पर्धक खुर्चीवर बसला की प्रश्नाआधी त्याच्या जीवनाची चित्रफीत दाखविली जाते. गळके छप्पर, आजारी वडील, गहाण पडलेले दागिने. मागे करुण वाद्यसंगीत. सूत्रसंचालकांचे पाणावलेले डोळे. पूर्वी हे ओझरते असे, आता कित्येकदा प्रश्नांचाच वेळ त्यात जातो. "गरिबी विचारून झाली असेल तर प्रश्न विचारा म्हणावं," असे आमचे वहीवाले गृहस्थ म्हणतात. व्यावसायिक समीक्षकाला याहून नेमके सांगता आले नसते.

२०१९ सालचे उदाहरण घेऊ. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत मुलांसाठी खिचडी शिजविणाऱ्या, एक कोटी रुपये जिंकल्या. त्यांचे मानधन महिना १,५०० रुपये होते व त्यांना एक मोबाइल घ्यायचा होता, हे महाराष्ट्रातील कोणालाही विचारा, पटकन सांगतील. मात्र कोटीचा प्रश्न कोणता होता, असे विचारा. बहादूरशहा जफरच्या दरबाराशी संबंधित ज्या कवीने १८५७ च्या उठावाची हकीकत 'दास्तान-ए-गदर' या नावाने लिहिली, त्याचे नाव त्यांना विचारले गेले होते; जहीर देहलवी. शाळेच्या चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या बाईंकडे हे नाव कोणत्या वाटेने आले? त्यांनी काय वाचले, केव्हा वाचले, कोणाकडून ऐकले? खरी कथा ती होती. आपण खिचडी लक्षात ठेवली आणि जहीर देहलवीला विसरलो. ज्या बाईंनी आपल्या बुद्धीने बाजी मारली, त्यांची ओळख त्यांच्या पगाराच्या आकड्याने व्हावी, यात त्यांचा गौरव कोठे आहे?

ही गोष्ट एका कादंबरीकाराला निर्मात्यांहून अधिक उमगली होती. विकास स्वरूप यांची 'क्यू अँड ए' २००५ मध्ये आली. तिचा नायक राम मोहम्मद थॉमस हा दिल्लीच्या एका चर्चमध्ये टाकून दिलेला पोर. फादर टिमथी त्याला वाढवितात. त्याला पडलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याच्या आयुष्यातील एकेका प्रसंगातून आलेले असते. २००८ च्या 'स्लमडॉग मिलियनेअर' या चित्रपटाने नायकाचे नाव बदलून जमाल केले व फादर टिमथींना वगळले (धर्मगुरूला हे थोडे खुपणारच), पण मूळ युक्ती राखली. तेथे जीवन उत्तराच्या मागे उभे आहे. आमच्या वाहिन्यांनी ते प्रश्नाच्या पुढे आणून बसविले. मागे असते तेव्हा ते ज्ञानाचा उगम असते. पुढे येते तेव्हा दयेसाठी केलेला अर्ज होते. माहुलच्या वहीतला तिसरा रकाना या कादंबरीच्याच जातीचा आहे, आणि तिचे नावही त्या गृहस्थांनी ऐकलेले नाही.

बक्षिसाने खेळ बिघडतो, हे म्हणणे मात्र फार जुने आहे. शास्त्यांच्या पुस्तकात शमशोन स्वतःच्या लग्नात पलिष्टी सोबत्यांना कोडे घालतो. पैज तीस तागाच्या वस्त्रांची आणि तीस पोशाखांची. त्याने मारलेल्या सिंहाच्या सांगाड्यात मध सापडला होता, हे त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते, तेव्हा प्रश्नच अन्यायाचा. आणि उत्तरही त्याच्या बायकोला धमकावून, तिच्या अश्रूंच्या बळावर काढलेले. १९५० च्या दशकात अमेरिकेत 'ट्वेंटी वन' या कार्यक्रमात चार्ल्स व्हॅन डोरेन या प्राध्यापकाला उत्तरे आधीच पुरविली जात होती. १९५९ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे त्याने ते कबूल केले. आपल्याकडे २०११ मध्ये पाच कोटी जिंकलेल्या मोतिहारीच्या सुशील कुमार यांनी त्या विजयानंतरचा काळ आपल्या आयुष्यातला सर्वांत वाईट होता, असे पुढे स्वतःच लिहिले. तरीही मला बक्षिसाचा फारसा राग येत नाही. पैशाने माणसे बिघडतात, तशी सावरतातही. दयेचा बाजार मात्र पाहणाऱ्यालाही बिघडवितो: समोरच्याचे ज्ञान पाहण्याऐवजी त्याची दशा पाहण्याची सवय त्याला जडते.

याची झळ आपल्या अंगणात पोहोचली आहे म्हणून हा प्रपंच. आमच्या धर्मग्रामांतील बायबल प्रश्नमंजुषांनी त्या कार्यक्रमाचा सांगाडा जसाच्या तसा उचलला. तेच धडधडते संगीत, तीच 'लॉक करू का?', तेच चार पर्याय. मथुशलह किती वर्षे जगला, ९६९ की ९३०? चार पर्यायांचा प्रश्न ज्ञानापेक्षा ओळखण्याची परीक्षा घेतो. मुलाला उत्तर आठवावे लागत नाही, चौघांतून चेहरा हेरावा लागतो. आणि आपली परंपरा तर प्रश्नोत्तरांचीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांची १६२२ मध्ये छापली गेलेली कोंकणी 'दौत्रिना' संवादरूपाने लिहिलेली आहे, आणि १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'तही ऐकणारे मध्येच शंका विचारून गुरूला थांबवितात. तेथे प्रश्नाला चार पर्याय नव्हते.

गेल्या वर्षी माहुलमध्ये आम्ही पर्याय काढून टाकले, संगीत बंद ठेवले आणि उत्तर बरोबर आले की 'हे तुला कोठून कळले?' असा उपप्रश्न विचारून त्याला वेगळे दोन गुण ठेवले. मुलांनी आजीची नावे घेतली, नाताळच्या नाटकात केलेली कामे सांगितली. एकाने तर मी स्वतः विसरून गेलेल्या माझ्याच एका प्रवचनाचा हवाला दिला. दोन तासांचा कार्यक्रम साडेतीन तास लांबला. गुणलेखन करणाऱ्या शिक्षिका वैतागल्या, आणि पालकांपैकी तिघांनी जुनीच पद्धत बरी होती असे लेखी कळविले आहे. यंदाचा निर्णय पुढील महिन्याच्या सभेत व्हावयाचा आहे.