तालुक्याचे मैदान आणि राष्ट्रीय आखाडा

कुस्तीविषयी मराठीत जे लेखन आढळते ते बहुतांशी मल्लांच्या चरित्रांचे किंवा डावपेचांच्या वर्णनाचे आहे. मैदान भरविणारी संस्था हा विषय त्यात सहसा येत नाही. वस्तुतः मल्लाने कोणाशी, किती इनामावर व कोणासमोर लढावयाचे हे तीच ठरविते. अशी एखादी लहान संस्था वाढून राष्ट्रीय पातळीवरील प्रतिस्पर्धी होऊ शकेल काय, हा प्रश्न येथे बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात विचारावयाचा आहे.

हे तालुके निवडण्यास कारण आहे. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद 1953 मध्ये स्थापन झाली व 1961 पासून 'महाराष्ट्र केसरी' हा किताब सुरू झाला. औरंगाबाद येथील त्या पहिल्या स्पर्धेत दिनकर दह्यारी विजयी झाले. पुढे 2005 मध्ये ही स्पर्धा इंदापुरास भरली व सईद चाऊस यांनी किताब मिळविला. लगेच 2006 मध्ये ती बारामतीस भरली व अमोल बुचडे केसरी झाले. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांच्या गावी राज्याचा सर्वोच्च किताब लागोपाठ यावा, ही गोष्ट सामान्य नव्हे. नीरेच्या डाव्या कालव्याने या प्रदेशास ऊस दिला, उसाने कारखाने दिले, आणि माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांभोवती मैदानास लागणारा पैसा, पुढारी व प्रेक्षक ही तिन्ही एकत्र आली. तथापि स्पर्धा आली तशी गेली. किताब फिरता असल्यामुळे यजमान गावाकडे त्याची मालकी राहत नाही; लोकांच्या आठवणीपलीकडे तेथे काही उरले असे म्हणवत नाही.

याउलट यात्रेचे मैदान दर वर्षी त्याच गावी भरते. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. दुपारी पोरांच्या कुस्त्या लागतात. ऊन कलते तसतसे इनाम चढत जाते. हलगी वाजत असते, निवेदक मल्लाचे गाव, वस्ताद व तालीम यांची नावे घेऊन त्यास प्रेक्षकांच्या ओळखीचा करतो. आणि क्रमांक एकची कुस्ती दिवस मावळताना लागते. हा चढता क्रम कोणा नाटककाराने योजलेला नाही, परंतु त्यात उत्कंठेचे शास्त्र पूर्ण आहे. उणीव आहे ती एवढीच, की ही उत्कंठा त्याच सायंकाळी संपते. बरोबरीत सुटलेली जोड पुढच्या महिन्यात शेजारच्या गावी पुन्हा लागेलच असे नाही. कारण त्या गावची पंचकमिटी निराळी, तिचा आश्रयदाता निराळा, आणि मागच्या निकालाची नोंद ठेवण्याची पद्धत जवळपास नाहीच. जोड नेमणे हे मैदानाचे खरे संपादनकार्य होय. पण त्याची वही कोणी लिहीत नाही.

अमेरिकेतील धंदेवाईक कुस्तीचा इतिहास येथे उपयोगी पडतो. तेथेही प्रदेशवार संस्था होत्या व एकीने दुसरीच्या हद्दीत जावयाचे नाही असा संकेत होता. ईशान्येकडील अशाच एका संस्थेचे चालक व्हिन्स मॅकमॅहन यांनी 1980 नंतरच्या दशकात केबल दूरचित्रवाणीच्या आधारे तो मोडला, आणि 1985 मध्ये न्यूयॉर्क येथे पहिला 'रेसलमेनिया' भरविला. या यशाचे श्रेय रोषणाई व वेषभूषा यांना देण्याची प्रथा आहे; ती आम्हांस मान्य नाही. आठवड्यामागून आठवडे तेच मल्ल, तेच वैर व तेच हिशेब प्रेक्षकांसमोर राहिले, हे खरे कारण.

मात्र त्या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो, आणि येथेच अनुकरणाची मर्यादा येते. दारा सिंग व किंगकाँग यांच्या लढती मुंबईने गर्दी करून पाहिल्या, पण त्यावरून ग्रामीण मैदानाने आपला कायदा बदलला नाही. ठरवून केलेल्या लढतीस आपल्याकडे 'नुरा कुस्ती' म्हणतात, आणि हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. इनामाची रक्कम लोकवर्गणीतून आलेली असते. वर्गणी देणाऱ्यास निकाली कुस्ती हवी असते. हा करार मोडून मिळविलेली वाढ या प्रदेशात टिकणार नाही.

मग कबड्डीचा मार्ग उरतो. 2014 मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीने खेळ खरा ठेवून त्याची मांडणी बदलली. कुस्तीतही 2015 मध्ये प्रो रेसलिंग लीग व 2018 मध्ये महाराष्ट्रात 'कुस्ती दंगल' असे प्रयोग झाले. त्यांना कबड्डीइतके सातत्य लाभले नाही. आमच्या मते त्यांत संघ वरून निर्माण केले गेले. प्रेक्षकाची निष्ठा मात्र तालमीशी व गावाशी असते.

अधिकाराचा प्रश्न याहून बिकट आहे. 2022 मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने राज्य परिषदेची कार्यकारिणी बरखास्त केली. 2023 च्या नोव्हेंबरात फुलगाव व धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी ठरले. त्याच वर्षी जानेवारीत कोथरूडला एक ठरून गेलाच होता. एका वर्षात तीन वेळा दिलेला किताब मोठा की लहान, हे वाचकांनीच ठरवावे. अशा वेळी किताबाच्या मागे न लागता मैदानाची मालिका उभारणे हा लहान संस्थेस मोकळा असलेला मार्ग दिसतो. भवानीनगर, माळेगाव, वालचंदनगर, निमगाव केतकी, नीरा-नरसिंहपूर अशी पाचसहा मैदाने एका हंगामात बांधावीत. ठराविक मल्ल त्यांत फिरते ठेवावेत. अनिर्णित जोड पुढील मैदानात प्रथम लावावी. मल्लास केवळ इनाम न देता हंगामभराचा खुराक द्यावा, म्हणजे दुखापत झालेला पहिलवान कर्ज काढून घरी बसणार नाही. कोल्हापूर, सांगलीचे मल्ल येतील. हरियाणा-पंजाबचे आजही इनामासाठी येतातच.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मैदानाचा खर्च बहुधा निवडणुकीत उभा राहणारा गृहस्थ करतो आणि त्यास आपल्या गावचे, आपल्या वाढदिवसाचे मैदान हवे असते. शेजारगावच्या प्रतिस्पर्ध्याबरोबर एका मालिकेत नाव छापून घेण्यास तो राजी होईल काय? दोघांच्या जोडीची वही तिसऱ्याच्या हाती द्यावी लागेल, आणि तो तिसरा कोण हे अद्याप कोणत्याही पंचकमिटीने ठरविलेले नाही.